एक बुडबुडा, देवगाव रंगारीचा

‘‘कोणतं देवगाव?’’ कंडक्टरने तिकिटाच्या मशीनवर बोट रोखून विचारलं.

‘‘देवगाव रंगारी.’’

‘‘मग असं पूर्ण सांगा ना मॅडम. देवगावं काय एक आहेत का?’’

बरोबर होतं त्याचं. महाराष्ट्रात देवगावं ढिगाने सापडतील. पण नावापुढे असं आडनाव लावून मिरवणारं हे माझं आजोळ. छत्रपती संभाजीनगर जिल्हा, तालुका कन्नड. रंगारी म्हणजे कापड रंगवणारे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी या गावात रंगाचे हौद शोधत फिरले होते. हौद नाही सापडले. सापडली ती कपाशीची वावरं, मक्याची कणसं आणि आजीच्या वाड्यामागचा शेवंतीचा वाफा.

तर मंडळी, जानेवारीचा पहिला शनिवार होता. रात्रभर पुण्याहून प्रवास करून सकाळी संभाजीनगरला उतरले आणि दुसरी एसटी धरली. दौलताबादचा किल्ला डावी-उजवीकडे लपाछपी खेळत मागे पडला. खुलताबाद गेलं, वेरूळ गेलं, कसाबखेडा गेलं. खिडकीतून थंडगार वारा येत होता आणि माझं सगळं लक्ष मांडीवरच्या सॅककडे. सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेला, सहा इंच लांब-रुंद आणि दीड इंच जाड असा पारदर्शक ठोकळा होता. महिन्याभरापूर्वी याच गावातून कुरिअरने तो माझ्याकडे आला होता. आता मी तो परत घेऊन चालले होते. खरं सांगू? तक्रार करायला!

सहा इंचांची गोष्ट

आधी ठोकळ्याविषयी सांगते. माझ्या मामेभावाचं लग्न गेल्या वर्षी फेब्रुवारीत झालं. वरमाला बाजारातून आणायच्या नाहीत, असं आजीने आधीच जाहीर केलं होतं. वाफ्यातली पिवळी शेवंती तिने स्वतः खुडली आणि पहाटे बसून दोन माळा ओवल्या. सुईत दोरा आम्ही घालून दिला, कारण डोळ्यांना दिसत नव्हतं. पण शेवटची गाठ तिचीच. दोऱ्याला दोन वेढे, मग उलटा फास आणि वर एक छोटा गोंडा. त्याच वर्षी श्रावणात आजी गेली.

वहिनीने तिच्या गळ्यातली माळ जपून ठेवली होती. आतल्या खोलीत खुंटीला टांगलेली. वहिनी रेझिन आर्ट करते. आधी माहेरी वैजापूरला छंद म्हणून सुरू केलं, आता चक्क ऑर्डरी घेते. नेमप्लेट, घड्याळं, की-चेन, आणि सगळ्यात जास्त मागणी कशाला, तर लग्नातल्या वरमाला रेझिनमध्ये गोठवून देण्याला. सध्या याची जबरदस्त क्रेझ आहे. नवऱ्या मुलीचे हार पूर्वी नदीत सोडायचे, आता ते दिवाणखान्यात भिंतीवर जातात.

माझ्या आईचा साठावा वाढदिवस जानेवारीच्या शेवटी होता. मला आयडिया सुचली. आजीच्या माळेतली अकरा फुलं, दोरा आणि ती गाठ, असा एक ठोकळा आईला द्यायचा. वहिनीला फोन केला. तिने एका शब्दात हो म्हटलं. पण मी काय केलं? ‘आठवड्यात पाठवाल का? मला डिसेंबरमध्येच हातात पाहिजे, नंतर माझ्या डेडलाइन्स आहेत,’ असा तगादा लावला. रोज मेसेज. एक दिवस तर दोनदा.

ठोकळा वेळेवर आला. उघडून पाहिला आणि पोटात गोळाच आला. मागच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं. एका फुलाशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी. आणि बरोब्बर मध्यभागी, गाठीच्या खाली, मोहरीएवढा एक गोल चकचकीत बुडबुडा. उजेडात धरला की तोच आधी दिसायचा. आजीची फुलं नंतर.

दुसरा करता आला असता का? फुलं उरली होती, पण गाठ एकच होती.

हवा कुठून येते?

वहिनीने ठोकळा हातात घेतला, खिडकीशी नेला, उलटासुलटा केला. मामी चुलीशी होती. ‘‘बस माय, चहा ठेवू राहिले,’’ म्हणाली. मी मनात तक्रारीची वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात वहिनीच बोलली, ‘‘ताई, हे माझ्याकडून चुकलं. मी तुम्हाला नाही म्हणायला पाहिजे होतं.’’

‘‘नाही कशाला?’’

‘‘घाईला.’’

झालं! माझी सगळी वाक्यं घशातच राहिली.

मग चहा पिता पिता तिने मला जे समजावलं, ते कुठल्याही वर्कशॉपपेक्षा भारी होतं. इपॉक्सी रेझिनचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, मिश्रण आतून गरम होतं आणि हळूहळू काचेसारखं घट्ट होतं. तिच्या बाटलीवर २:१ लिहिलंय. तुमच्या बाटलीवर वेगळं असू शकतं. ते प्रमाण वजनाने आहे की मापाने, हेही वाचायचं, कारण दोन्ही भागांची घनता सारखी नसते. प्रमाण चुकलं तर ठोकळा चिकटच राहतो. घट्ट व्हायच्या आत हवेने बाहेर पडायचं असतं. जी पडत नाही, ती कायमची आत राहते. सगळा खेळ एवढाच.

ती हवा शिरते चार वाटांनी. पहिली वाट म्हणजे ढवळणं. आपण ताक घुसळल्यासारखं ढवळतो आणि हवा आत कोंबतो. ढवळायचं सावकाश, तीन ते पाच मिनिटं, काडी न उचलता, कडा आणि तळ खरवडत. मग पेला पाच मिनिटं तसाच ठेवायचा.

दुसरी वाट थंडीची. गार रेझिन काकवीसारखं जड होतं आणि बुडबुड्याला वर यायला जमतच नाही. डिसेंबरमध्ये देवगावात रात्री अंगावर दोन गोधड्या लागतात. अशा थंडीत वहिनीने रात्री दहाला ओतलं, कारण मी दुसऱ्या दिवशीच्या कुरिअरसाठी मागे लागले होते. खोली २२ ते २५ अंशांच्या आसपास असली की काम छान होतं. नसेल तर बंद बाटल्या दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायच्या, नीट पुसायच्या, मगच उघडायच्या. पाण्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. आणि गरम रेझिन लवकर घट्ट होतं, तेव्हा हात भरभर चालला पाहिजे.

तिसरी वाट खुद्द फुलाची. शेवंतीला शेकडो पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी हवेचा कप्पा. त्यात ही माळ पावसाळाभर खुंटीला होती. ‘‘हाताला कोरडी लागायची, पण आतून सुकेल नव्हती,’’ वहिनी म्हणाली. फुलं सिलिका जेलमध्ये बुडवून डब्यात बंद करायची, आठ-पंधरा दिवस. पाकळी चुरचुर वाजली पाहिजे. निशिगंध आणि गुलाबाचे देठ सगळ्यात लबाड, वरून वाळतात आणि आत ओल धरून ठेवतात. मग प्रत्येक फुलाला ब्रशने रेझिनचा पातळ हात द्यायचा आणि तो बसू द्यायचा. म्हणजे पाकळ्यांतली हवा आधीच निघते. लाकूड, कागद, कापड, जे जे सच्छिद्र, त्याला हाच नियम.

चौथी वाट एकदम जाड ओतण्याची. दीड इंच एका दमात ओतलं की मधला भाग जास्त तापतो. त्या उष्णतेने पाकळ्यांतली हवा फुगून बाहेर येते आणि नेमकं तेव्हाच रेझिन घट्ट व्हायला लागलेलं असतं. बुडबुडा अर्ध्या वाटेत अडकतो. म्हणून बाटलीवर लिहिलेल्या जाडीइतकाच थर द्यायचा. तो चिकटसर असतानाच पुढचा. साच्याच्या एका कोपऱ्यातून, बारीक धारेने.

‘‘म्हणजे एका रात्रीचं काम तीन-चार दिवसांचं,’’ मी म्हटलं.

‘‘तेच तर,’’ वहिनी म्हणाली. ‘‘हवा जायला तयार असते ताई. आपण थांबत नाही.’’

‘आणि ते हीट गन, टॉर्च?’ तुम्ही विचाराल. मीही विचारलं. रीलमध्ये सगळे ज्योत फिरवतात आणि बुडबुडे फटाफट फुटतात. पण ते फक्त वरच्या थरातले! उष्णतेने वरचं रेझिन क्षणभर पातळ होतं, हवा फुगते आणि फुटून जाते. एक इंच खालच्या बुडबुड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जास्त वेळ एका जागी धरलं तर पृष्ठभागाला खळगे पडतात, सिलिकॉनचा साचा खराब होतो आणि वाळलेलं फूल करपतं. त्यामुळे थोड्या अंतरावरून, हात फिरता ठेवून, दोन-तीन सेकंद. बाकीच्या चुकार बुडबुड्यांना टूथपिक.

मोठ्या स्टुडिओत आणखी दोन यंत्रं असतात. व्हॅक्यूम चेंबर मिश्रणातली हवा ओढून काढतं. प्रेशर पॉट उलटं करतो, तो दाब देऊन बुडबुडे इतके बारीक करतो की डोळ्यांना दिसतच नाहीत. हवा तिथेच असते, फक्त दिसत नाही. वहिनीकडे दोन्ही नाहीत. आणि प्लीज, कुणी घरचा प्रेशर कुकर घेऊन बसू नका. तो या कामासाठी नाही, जीवावर बेतेल.

ड्रिल, सिरिंज आणि धडधड

दुपारी ऊन चढल्यावर कामाला लागलो. ओसरीला लागून एक छोटी खोली आहे, पूर्वी आजी तिथे धान्याच्या कणग्या ठेवायची. आता तिथे टेबल, वजनकाटा, साचे. दोन्ही खिडक्या उघड्या. वहिनीने मला नायट्रिलचे हातमोजे दिले आणि वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क. ही हौस नाही हं. हार्डनर त्वचेला लागत राहिला तर अॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती जन्मभर पिच्छा सोडत नाही. साधा कापडी मास्क वाफेला पुरत नाही.

ठोकळ्यावरच्या दोषांची तिने तीन गटांत वाटणी केली. मागची भोकं सोपी. फुलाशेजारची पोकळी अवघड, पण पृष्ठभागापासून जेमतेम तीन मिलिमीटर आत. आणि मधला तो मोहरीएवढा.

पोकळीसाठी तिने हाताने फिरवायचा बारीक ड्रिल घेतला. विजेचा का नाही? कारण तो झटका देतो आणि वेगाने फिरला की रेझिन वितळून चिकटतं. तिने मागच्या बाजूने तिरकं भोक पाडायला सुरुवात केली. पाकळी दोन सुतांवर. मला बघवेना. आजीच्या फुलात ड्रिल घुसला तर? मी चक्क डोळे मिटले. वहिनीचा हात मात्र जराही हलला नाही.

एक भोक झालं, मग तिने दुसरं पाडलं. ‘‘दोन कशाला?’’ मी विचारलं. ‘‘एकातून रेझिन आत जाणार. मग आतली हवा कुठून बाहेर येणार?’’ किती साधी गोष्ट! तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात तसंच. एकच भोक ठेवलं की भरतानाच नवा बुडबुडा तयार होतो.

मऊ ब्रशने भुगा काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, पूर्ण वाळू दिलं. मग त्याच बाटलीतलं ताजं रेझिन, कोमट करून, सावकाश ढवळून, पाच मिनिटं ठेवून सिरिंजमध्ये भरलं. ब्रँड बदलला की रंगात फरक दिसतो, म्हणून बाटली तीच. एका भोकातून थेंब थेंब आत आणि दुसऱ्यातून हवेचे मणी बाहेर. शेवटी दुसऱ्या भोकाच्या तोंडाशी रेझिन चढलं तेव्हा ती थांबली. मघापासून धूसर दिसणारी पोकळी एकदम स्वच्छ झाली. पाऊस पडल्यावर काच धुतली जावी तशी. अगदी नीट पाहिलं तर एक पुसट रेघ दिसते, पण ती शोधावी लागते.

‘‘आता मधला,’’ मी उत्साहाने म्हटलं.

वहिनीने ठोकळा खाली ठेवला. ‘‘मधल्याला हात लावणार नाही. तो गाठीच्या खाली आहे. तिथवर जायचं तर दोरा कापला जाईल. बुडबुडा काढायच्या नादात गाठ गेली तर?’’

‘‘पण दिसतोय ना तो.’’

‘‘दिसू द्या. आत्यांना आधीच सांगायचं की राहिलाय म्हणून. मी गिऱ्हाइकाला पण असंच सांगते. लपवलं की तेवढंच दिसतं.’’

मला पटलं नाही, खोटं कशाला बोलू? मी पुण्याहून हा एकच बुडबुडा घेऊन आले होते म्हणा ना. पण ठोकळा तिच्या हातात होता. ‘‘आज काही करायचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘उद्याही नाही. चोवीस तास बसू द्यायचं. चला, उद्या वेरूळला जाऊ.’’

दगडातले बुडबुडे

वेरूळ देवगावपासून तासाभराच्या आत. शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेव्हा माझं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे जास्त होतं. रविवारी मामा, दादा, वहिनी आणि मी, असे चौघं गेलो. गर्दी होतीच. एकूण ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १९८३ पासून जागतिक वारसा. सोळावं लेणं म्हणजे कैलास, आठव्या शतकातलं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावाशी ते जोडलं जातं. डोंगर वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ. चूक झाली तर परत चिकटवायला काही नाही!

मामा शेतकरी, आयुष्यभरात तीन विहिरी खोदलेला माणूस. तो शिल्पं बघत नव्हता, दगड बघत होता. कडेच्या एका भिंतीपाशी थांबून त्याने मला हाक मारली. काळ्या दगडात बारीक बारीक छिद्रं आणि काही छिद्रांत पांढरे ठिपके. ‘‘हा मांजऱ्या,’’ मामा म्हणाला. ‘‘विहिरीत असा लागला की आम्ही खूश. काळा पाषाण लागला की सुरुंग लावा अन् पैसे घाला. हा झिजेल, भेगाळेल असला म्हणजे याच्यात पाणी राहतं.’’

मी छिद्रावर बोट ठेवलं आणि डोक्यात एकदम ट्यूब पेटली. अहो, हे तर बुडबुडेच!

दख्खनचा हा सगळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. थरावर थर. लाव्हा जमिनीवर आला की दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं आतल्या वायूचे बुडबुडे सुटतात. ते वर चढतात. पण लाव्ह्याचा वरचा थर हवा लागून आधी गोठलेला असतो, म्हणून ते तिथेच अडकतात. त्यामुळे थराचा माथा छिद्रांचा आणि पोट घट्ट. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्यातल्या क्षारांनी काही छिद्रं भरून काढली. कुठे झिओलाइट, कुठे कॅल्साइट, कुठे गारगोटी. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींतले असे झिओलाइटचे स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेत. म्हणजे पोकळी भरायचं काम निसर्ग सिरिंजशिवाय करतो. फक्त त्याची डेडलाइन आपल्यापेक्षा जरा लांबची.

इथल्या कारागिरांनाही हा दगड सगळीकडे सारखा मिळाला नव्हता. कोरलेल्या दगडावर त्यांनी प्लास्टर चढवलं, त्यावर रंग दिला. कैलासला जुन्या काळी रंगमहाल म्हणायचे, ते त्या रंगांमुळे. पांढऱ्या प्लास्टरचे तुकडे अजूनही दिसतात. त्या प्लास्टरची एक गंमत पुरातत्त्व खात्यातले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि इथल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडली. वेरूळच्या प्लास्टरच्या नमुन्यांत त्यांना भांगेच्या झाडाचे अंश सापडले. माती आणि चुन्यात मिसळलेले. दमट हवेत प्लास्टर टिकवायला त्याचा उपयोग झाला असावा, असं त्यांचं म्हणणं. सगळंच ठासून बंद केलेलं टिकतं असं नाही, काही ठिकाणी श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते.

वहिनी हे ऐकून हसली. ‘‘म्हणजे मधला राहू द्यायचा ना?’’

मी उत्तर दिलं नाही.

लाखेचा धडा

परतताना कणसं खात बसलो होतो, तेव्हा मला अजिंठ्याची गोष्ट आठवली. मास कॉमला असताना एका असाइनमेंटसाठी वाचली होती. हे लेणंही याच जिल्ह्यातलं. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावलं. तेव्हा गुलाम याझदानी हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक होते. भिंतीपासून सुटू लागलेलं, पोकळ झालेलं प्लास्टर त्या दोघांनी पुन्हा बसवलं. त्यामुळे पुष्कळ चित्रं पडायची वाचली, हे त्यांचं मोठंच काम. पण चित्रांवर शेलॅकचा हातही दिला गेला. शेलॅक म्हणजे लाखेपासूनचं वॉर्निश. तेही एक रेझिनच, कीटकाने दिलेलं. सुरुवातीला रंग छान खुलले. पुढे लाख पिवळी पडली, काळवंडली आणि चित्रं तिच्याआड गेली. ती काढायचं किचकट काम नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आलं.

वहिनीचा चेहरा गंभीर झाला. इपॉक्सीही उन्हाने पिवळं पडतं. यूव्ही रोखणारं रेझिन घेतलं तर वेग कमी होतो, पण थांबत नाही. म्हणून ती प्रत्येक ऑर्डरबरोबर चिठ्ठी देते, ‘थेट उन्हात ठेवू नका’. दुरुस्त करताना आपण काय घालतोय आणि ते वीस वर्षांनी कसं दिसेल, एवढा विचार तरी करायला हवा.

सोमवारी उरलेलं काम झालं. मागच्या बाजूला पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचं, आधी ४०० नंबर, मग ६००. पाणी यासाठी की धूळ उडून नाकात जाऊ नये. काचेसारखा ठोकळा घासल्यावर दुधाळ झाला आणि माझ्या छातीत पुन्हा धस्स झालं. ‘‘घाबरू नका,’’ वहिनी म्हणाली. पूर्ण घट्ट झालेल्या रेझिनवर नवा थर तसाच दिला तर तो धरत नाही, म्हणून हे खरखरीत करणं आवश्यक. पुसलं, वाळवलं, कडांना टेप लावली आणि वर पातळ थर ओतला. टाचणीची भोकं एकेक करून भरली. त्यातून निघालेले चार-पाच बुडबुडे तिने टूथपिकने फोडले. मग वर खोकं उपडं घातलं, धूळ बसू नये म्हणून. वीज गेली. मामीने हाक मारली. जेवायला पिठलं-भाकरी होती.

वीकेंडचा प्लॅन चार दिवसांचा झाला. दोन डेडलाइन्स चुकल्या. संपादकांना फोन करून खरं कारण सांगितलं. त्या दोन मिनिटं हसल्या, मग म्हणाल्या, ‘लिहून दे.’

पुन्हा पुण्यात

मंगळवारी दुपारी खोकं काढलं. मागची बाजू आरशासारखी. फुलाशेजारची पोकळी गायब. पिवळट तपकिरी अकरा शेवंती, दोरा, गोंडा. आणि गाठीखाली तो मोहरीएवढा बुडबुडा, जिथल्या तिथे.

आईच्या वाढदिवसाला घरची चार माणसं होती. मी ठोकळा तिच्या हातात दिला आणि वहिनीने बजावल्याप्रमाणे आधीच सांगून टाकलं, ‘‘आई, इथे मध्ये एक बुडबुडा राहिलाय. काढता नाही आला. माझ्या घाईमुळे झालाय तो.’’

आईने चष्मा लावला. ठोकळा डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने वरची गुळगुळीत बाजू पुसली, मग पुन्हा पुसली. बराच वेळ काही बोलली नाही.

‘‘ही गाठ आईची आहे,’’ ती म्हणाली. ‘‘दोन वेढे आणि उलटा फास. मला कधी जमली नाही.’’

बुडबुड्याचा विषय तिथेच संपला.

ठोकळा आता तिच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे, ऊन येणार नाही अशा जागी. मी गेले की मला अजूनही आधी तोच दिसतो. मग गाठ दिसते. रोजच्या तगाद्याचे ते मेसेज मी फोनमधून डिलीट केलेले नाहीत. पुढच्या वेळी कुणाला ‘लवकर कर’ म्हणायच्या आधी वाचायला बरे पडतात.

जायचंय?

छत्रपती संभाजीनगरहून एसटी मिळते. सव्वा-दीड तास धरा. तिकीट काढताना ‘देवगाव रंगारी’ असं पूर्ण नाव सांगा! रेल्वेने यायचं तर मनमाड मार्गावरचं लासूर स्टेशन सोयीचं. गावात मुक्कामाला हॉटेल शोधण्यापेक्षा वेरूळला किंवा शहरात राहा. वाटेत दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती आणि वेरूळचं घृष्णेश्वर होतं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. थंडीत जा, पण रात्रीसाठी स्वेटर ठेवा.

आणि रेझिनचं काम करणार असाल, तर ते दुपारी करा.